गाणे कुणाच्या नावावर?

आमच्या घरात नातीमुळे सध्या एक नवे वेड शिरले आहे. गाण्यांचे इंग्रजी सिनेमे! सिनेमातली गाणी आम्हाला नवी नाहीत. आमची सारी हयात रेडिओवर हिंदी गाणी ऐकण्यात गेली. पण ज्या सिनेमात माणसे बोलता बोलता गाऊ लागतात आणि गोष्टच गाण्यातून पुढे सरकते, त्याला तिकडे 'म्युझिकल' म्हणतात. आपल्याकडच्या संगीत नाटकासारखा प्रकार. आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण द्यायचे, तर जलशासारखा. जलशात नाही का, सावकार आणि कूळ भांडता भांडता गाऊ लागत आणि समोर बसलेल्या माणसाला सावकारी कळून जाई? तसेच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'विकेड' नावाचा असा एक सिनेमा आला. नातीने तो मैत्रिणींबरोबर पाहिला आणि रात्री जेवताना आम्हाला गोष्ट सांगितली. एक मुलगी हिरव्या रंगाची जन्माला येते. बाप तोंड फिरवतो, शिकायला जाते तिथे पोरी हसतात. त्या राज्यात जनावरेही बोलतात, शिकवतात. पण हळूहळू त्यांची वाचाच काढून घेतली जाते. वर्गात शिकवणाऱ्या बोकड मास्तरांना एके दिवशी ओढून नेले जाते. ती हिरवी मुलगी त्यांच्या बाजूने उभी राहते, म्हणून राज्यकर्ते तिलाच 'दुष्ट' ठरवून मोकळे होतात. गोष्ट ऐकता ऐकता आमच्या मंडळींचा हात भाकरीवरच थांबला. म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्यातलीच पोर दिसते!"

गंमत अशी, की तो सिनेमा अर्धाच होता. उरलेला अर्धा भाग पुढच्या वर्षी, २१ नोव्हेंबर २०२५ ला आला. मधले वर्षभर नातीने दिवस मोजले. त्याच काळात, मार्च २०२५ मध्ये, अमेरिकेतले ऑस्कर पुरस्कार जाहीर झाले. 'विकेड'ला दहा नामांकने होती आणि दोन पुरस्कार मिळाले, एक कलादिग्दर्शनाचा आणि दुसरा वेशभूषेचा. वेशभूषेचा पुरस्कार घेणारे पॉल टेझवेल हे तो पुरस्कार मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष ठरले. हे ऐकून आमचा ऊर भरून आला. पण नात फुरंगटून बसली होती.

"आबा, अख्खा सिनेमा गाण्यांचा. सगळ्या जगाच्या तोंडी त्याची गाणी. आणि गाण्याच्या पुरस्काराला साधे नामांकनसुद्धा नाही! हा अन्याय आहे."

आम्ही म्हणालो, "बाळा, असेलही अन्याय. पण अन्याय म्हणण्याआधी कायदा वाचावा. एवढे तरी आपण बाबासाहेबांकडून शिकलो की नाही?"

मग तिने मोबाईलवर ऑस्करची नियमावली काढली. ती वाचून दाखवू लागली आणि आम्ही दोघे चष्मे लावून शाळेतल्या पोरांसारखे ऐकत बसलो. त्या नियमांनी आम्हाला आमच्या घरातल्याच एका जुन्या दुखण्यापाशी आणून सोडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑस्करचा हा पुरस्कार 'मूळ गीता'चा आहे. नियम असा, की गाण्याला शब्द आणि चाल दोन्ही हवेत, दोन्ही नवी हवीत आणि दोन्ही त्या सिनेमासाठीच केलेली हवीत. गाणे सिनेमात नीट ऐकू आले पाहिजे, शब्द कळले पाहिजेत. नुसती दोन सेकंदांची लकेर चालत नाही. ते सिनेमाच्या ओघात तरी यावे, नाहीतर सिनेमा संपल्यावर नावांची यादी सुरू होते तिथले पहिले गाणे तरी असावे. आलेल्या गाण्यांतून आधी पंधरा निवडतात, मग पाच. शिवाय एका सिनेमाची दोनपेक्षा जास्त गाणी नामांकनात घेत नाहीत. २००६ च्या 'ड्रीमगर्ल्स' आणि २००७ च्या 'एन्चांटेड' या सिनेमांची तीन-तीन गाणी एकदम नामांकनात आली, त्यानंतर ही मर्यादा घातली गेली.

आता 'विकेड'ची गाणी तर २००३ पासून न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गायली जात होती. ती सिनेमासाठी लिहिलेली नव्हती. म्हणून दार बंद! यात कुणी कुणावर डूख धरला नव्हता.

हा नियम असा कडक का झाला, त्याचीही गोष्ट आहे. गाण्याचा पुरस्कार १९३४ च्या सिनेमांपासून देऊ लागले. सात वर्षांनी, १९४१ च्या सिनेमांच्या वेळी, जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांच्या एका गाण्याला तो मिळाला. पॅरिस शहर हिटलरच्या फौजांच्या हाती पडले त्या दुःखात ते गाणे लिहिले गेले होते. ते आधीच लोकांपुढे आलेले होते, सिनेमात नंतर घेतले. पुरस्कार मिळाल्यावर खुद्द संगीतकार कर्न यांनाच ते पटले नाही. त्यांच्या मते दुसऱ्याच एका नव्या गाण्याचा तो मान होता. त्यानंतर नियम बदलला, की गाणे त्या सिनेमासाठीच लिहिलेले हवे. मिळालेल्या मानाबद्दल 'हा माझा नव्हे' असे म्हणणारा माणूस आम्हाला फार मोठा वाटला.

तेव्हापासून गाजलेल्या नाटकाचा सिनेमा करताना जुन्या गाण्यांत एखादे नवे घालायची रीतच पडली. १९९६ च्या 'एविटा'त असे एक नवे गाणे घातले, त्याला ऑस्कर मिळाला. २००२ चा 'शिकागो' आणि २०१२ चा 'ले मिझेराब्ल' यांनीही तेच केले. त्यांची नवी गाणी नामांकनापर्यंत पोचली. 'विकेड'च्या दुसऱ्या भागासाठी मूळ नाटकाचे गीतकार-संगीतकार स्टीफन श्वार्ट्झ यांनी दोन नवी गाणी लिहिली. ती दोन गाणी कशी असतील, यावर नात वर्षभर तर्क लढवत होती. आपल्याकडेही १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकावर २०१५ मध्ये सिनेमा निघाला तेव्हा जुन्या पदांबरोबर नवी गाणी आलीच. त्यातल्या 'अरुणी किरणी' या नव्या गाण्यासाठी महेश काळे यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इथवर ठीक. पण पुढचे कलम वाचताना नात थांबली. ऑस्करचा गाण्याचा पुरस्कार गाणाऱ्याला मिळतच नाही. तो मिळतो शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला.

"म्हणजे आबा, 'जय हो' सुखविंदरने गायले, पण बाहुली त्याला नाही?"

नाही. २००९ साली 'स्लमडॉग मिलेनिअर'च्या त्या गाण्याचा पुरस्कार संगीतकार ए. आर. रहमान आणि गीतकार गुलजार यांच्या नावावर झाला. गुलजार त्या रात्री तिथे हजरही नव्हते, तरी त्यांचे नाव पुकारले गेले. मार्च २०२३ मध्ये तेलुगू 'आरआरआर'च्या 'नाटू नाटू'वर सारी वस्ती नाचली. आमच्या चाळीत गणपतीपासून हळदीपर्यंत तेच वाजत होते. नाचणारे दोन नट सगळ्यांना ठाऊक होते. पण त्या रात्री मंचावर जाऊन बाहुली हातात घेतली ती संगीतकार कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस यांनी. ज्याने शब्द लिहिले तो माणूस त्या दिवशी जगाला पहिल्यांदा दिसला.

आपल्याकडे हा मान मिळायला भांडावे लागले. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले तेव्हा गाण्याच्या बाबतीत मान फक्त संगीतकाराला होता. गायकाला नाही, गीतकाराला नाही. लता मंगेशकरांनी याच कारणावरून समारंभात गायला नकार दिला होता, ही गोष्ट सिनेमाच्या जाणकारांत प्रसिद्ध आहे. १९५९ पासून गायन आणि गीतलेखन यांचे पुरस्कार सुरू झाले. गीतलेखनाचा पहिला पुरस्कार कुणाला मिळाला, ठाऊक आहे? शैलेंद्र यांना, 'यहुदी' सिनेमातल्या गाण्यासाठी. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम करणारे शैलेंद्र! बिहारच्या आरा भागातून आलेल्या चर्मकार घराण्यातले शैलेंद्र! त्यांची गाणी आमच्या आईबापांनी गुणगुणली, पण हा माणूस कष्टकऱ्यांचा आणि आपल्यासारख्याच घरातला, हे कुणी आम्हाला सांगितले नव्हते. नाव माहीत असूनही माणूस झाकला जातो. मग ज्याचे नावच पुसले गेले, त्याचे काय?

इथे आमच्या मंडळींनी आमच्याकडे पाहिले. नातीच्या ते लक्षात आले. मग तिला सारे सांगावे लागले.

आमचे वडील गिरणीत रिंगखात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त, पण ते खाते एके काळी आपल्या माणसांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. वडील चौथीपर्यंत शिकलेले, पण गाणी रचायचे. ऑक्टोबर १९५६ मध्ये ते नागपूरला गेले, १४ तारखेला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांबरोबर बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि परतीच्या गाडीत, दाराशी उभे राहून, त्यांनी एक गाणे रचले. मुंबई येईपर्यंत सारा डबा ते म्हणत होता, असे आई सांगायची. पुढे चाळीचाळीतल्या भजनी मंडळांनी ते उचलले. शेवटच्या कडव्यात वडिलांनी रिवाजाप्रमाणे आपले नाव गुंफले होते. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो ना, तसे. कवीजवळ छापखाना नव्हता, वकील नव्हता. शेवटचे कडवे हाच त्याचा सही-शिक्का होता.

पुढे कॅसेटचा जमाना आला. एका ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून एक कॅसेट विकत आणली. घरी लावली तर दुसरेच गाणे वडिलांचे! आम्ही आनंदाने ओरडलो. वडील भिंतीला टेकून ऐकत होते. तीन कडवी झाली आणि गाणे संपले. चौथे कडवे नव्हतेच! वेष्टन उलटून पाहिले. गायकाचे नाव होते, फोटो होता, कंपनीचे नाव होते. गीतकाराच्या जागी छापले होते, 'पारंपरिक'.

आम्ही तेव्हा तरुण होतो. कंपनीत जाऊन जाब विचारतो म्हणालो. वडिलांनी हात धरून खाली बसवले. म्हणाले, "गाणं बाबासाहेबांचं आहे. लोकांपर्यंत पोचलं ना? मग झालं." पण त्यांनी ती कॅसेट पुन्हा कधी लावली नाही. ते गेले तेव्हा ती पेटीत तशीच होती. ज्या तोंडचा धागा चालला नाही, त्याच तोंडचे गाणे मात्र बिनबोभाट चालले!

त्यांची दोनशे पानी वही आमच्याकडे होती. २६ जुलै २००५ च्या पावसात घरात छातीएवढे पाणी आले आणि वहीचा लगदा झाला. चौथे कडवे आम्हालाही अर्धेमुर्धेच आठवत होते. पुरावा म्हणून हातात काही उरले नाही.

हे ऐकून नात बराच वेळ गप्प होती. मग तिने अडचणीचा प्रश्न विचारला. "पण आबा, पणजोबांच्या गाण्याची चाल कुणाची होती?"

खरे तेच सांगितले पाहिजे. चाल त्या काळच्या एका हिंदी सिनेगीताची होती. आपल्या कितीतरी भीमगीतांचे असेच आहे. वामनदादांनी १९४३ साली केलेले पहिले गाणेही सिनेमाच्या चालीवरचे विडंबन होते, असे सांगतात. याची लाज वाटायचे कारण नाही. पेटीमास्तर ठेवायला पैसे नव्हते, तालमीला जागा नव्हती. दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्या माणसाला ओळखीची चाल मिळाली की दुसऱ्या कडव्यापासून सारी आळी झील धरायची. विचार पोचवण्याची ती युक्ती होती. पण ऑस्करच्या नियमात आमच्या वडिलांचे गाणे बसले नसते. शब्द त्यांचे, चाल दुसऱ्याची. आणि विचार केला तर तेही बरोबरच आहे. आमचे नाव पुसले म्हणून आम्ही रडतो. मग ज्याची चाल आम्ही घेतली, त्या संगीतकाराचे नाव आम्ही तरी कधी पुकारले?

हा प्रश्न आम्हाला झोपू देईना. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर नातीने माईक हातात घेतला आणि महिला मंडळातल्या म्हाताऱ्या आयाबायांना विचारले, की ते गाणे कुणाला पूर्ण येते का? आधी सगळ्या एकमेकींकडे पाहून हसल्या. मग मागून एक आजी उठल्या. डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज खणखणीत. त्यांनी पहिली तीन कडवी म्हटली आणि न थांबता चौथे सुरू केले. दुसऱ्या एका मावशींनी अडवले, "असं नाही, दुसरी ओळ अशी आहे." दोघींचा वाद जुंपला. ओळीत फरक होता, पण नाव दोघींच्याही तोंडी तेच होते. आमच्या वडिलांचे. साठ-पासष्ट वर्षे त्या बायांनी ते जात्यावर, नळावर, बारशाला, पुण्यानुमोदनाला म्हटले होते. वेष्टनावर छापले नाही म्हणून ते पुसले गेले नव्हते.

नातीने सारे मोबाईलवर उतरवून घेतले. आमच्या मंडळींनी पदर डोळ्याला लावला. आम्ही काही बोलू शकलो नाही.

त्यातूनच पुढचे ठरले. आमच्या विहारात दर वर्षी भीमजयंतीला गीतगायनाची स्पर्धा होते. ढाल गायकाला मिळते. कार्यकारिणीच्या सभेत आम्ही चार नियम मांडले. एक, गाणे सुरू करण्याआधी कवीचे नाव आणि चाल कुणाची ते सांगायचे; माहीत नसेल तर 'कवीचे नाव मिळाले नाही' असे सांगायचे, 'पारंपरिक' म्हणायचे नाही. दोन, शेवटचे कडवे कापायचे नाही, वेळ कमी असेल तर मधले सोडा. तीन, नव्या शब्दांच्या आणि नव्या चालीच्या गाण्याला वेगळे बक्षीस. चार, ते बक्षीस लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला, गाणाऱ्याचे वेगळे.

चिटणीस हसले. म्हणाले, "काका, आपण काय ऑस्कर देतो का? अकराशे रुपयांचं बक्षीस, त्याला एवढे नियम!" आम्ही म्हणालो, "रक्कम लहान असेल, माणूस लहान नाही." थोडी चर्चा झाली, पण चारही नियम मंजूर झाले. गायक मंडळींनी कुरकुर केली. त्यांचेही चुकले नाही. गळा आणि घाम त्यांचाही असतो, म्हणून तर त्यांचे बक्षीस कायम ठेवले.

वाचकांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, कलम ५७ आहे. आपली रचना आपली आहे असे सांगण्याचा कवीचा हक्क ते मान्य करते. हक्क विकला तरी हे नाते विकले जात नाही. २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमासाठी लिहिणाऱ्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊन काढून टाकता येणार नाही, असे तीत ठरले. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आवाज उठवला होता. गाण्याची नोंदणी केलीच पाहिजे अशी सक्ती नाही, पण कागद असावा. म्हणून ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची, आत्याची वही असेल त्यांनी ती पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नये. आजच तिचे फोटो काढावेत. तारीख, गाव, प्रसंग लिहून ठेवावा. आणि म्हाताऱ्या माणसांकडून गाणी शेवटच्या कडव्यासकट उतरवून घ्यावीत. आता तर यंत्रही गाणी रचू लागले आहे. एप्रिल २०२५ मध्ये ऑस्करवाल्यांनाही सांगावे लागले, की कृतीच्या केंद्रस्थानी माणूस कितपत आहे हे पाहिले जाईल. म्हणजे 'लिहिले कुणी?' हा प्रश्न पुढे वाढणारच आहे.

'विकेड'चा दुसरा भाग नातीने आम्हा दोघांना नेऊन दाखवला. तिकिटाचा दर ऐकून आमच्या मंडळी परत फिरत होत्या! भाषा अर्धी कळली, गाणी पूर्ण कळली. नात आता पुढच्या म्युझिकल्सची यादी करून बसली आहे. आम्हीही एका सिनेमाची वाट पाहतो आहोत. तो अजून कुणी काढलेला नाही. भीमराव कर्डकांच्या जलशासारखा एखादा फड, कंदिलाच्या उजेडात गावोगाव फिरणारे गायक, गावकीच्या दगडांना न घाबरता रात्रभर गाणारे. तो सिनेमा आला तर त्यात जुनी गाणी हवीतच, नावासकट. पण नियमाने बक्षीस मिळेल ते नव्याच गाण्याला. ते नवे गाणे लिहायला आमचे वडील येणार नाहीत, वामनदादाही येणार नाहीत. ते आपल्या पोरापोरींना लिहायचे आहे. शब्द आपले, चालही आपली!

परवा रात्री नात पेटीवर काही तरी शोधत बसली होती. आम्ही विचारले, "कुठल्या सिनेमातलं?" ती म्हणाली, "कुठल्याच नाही आबा. जयंतीसाठी करतेय. अजून तीनच कडवी झालीत."

आम्ही म्हणालो, "चौथं विसरू नकोस."

जयभीम!